बिल बंद करायचंय की नंबर?

मानोरा तालुक्यातल्या एका गावातून एका तरुणानं विचारलंय. त्याच्या वडिलांनी तीन वर्षांपूर्वी पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत, छत्रीखाली बसलेल्या एका पोराकडून पोस्टपेड सिम घेतलं. अंगठा दिला, फोटो काढला, वर एक टोपी फुकट मिळाली. तेव्हापासून महिन्याला पाचशेच्या आसपास बिल येतंय. गावात त्या कंपनीची रेंज आता धड येत नाही. वडिलांना गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला, ते बाजेवरून उठत नाहीत. कारंज्याच्या स्टोअरमध्ये गेला तर म्हणाले, ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणा. कॉल सेंटरला फोन केला की दर वेळी नवी ऑफर. कंटाळून त्यानं तीन महिने बिल भरलं नाही, तर आता वसुलीवाल्यांचे फोन सुरू झालेत. आणि बिलात एक दुसराच नंबर लागून येतो, जो घरात कुणाकडंच नाही. त्याचा प्रश्न साधा आहे : "हे झंझट बंद कसं करू? नाही भरलं त आपोआप बंद नाही होत काय?"

होतं की. पण काय बंद होतं ते बघा. आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग, मग नंबरच जातो. बिल मात्र जागच्या जागी राहतं. म्हणजे जे ठेवायचं होतं ते गेलं आणि जे घालवायचं होतं ते गळ्यात राहिलं. म्हणून हा एक मार्ग सोडून बाकी कुठलाही धरा.

मी नऊ वर्षं तालुक्याच्या गावी एका मोबाइल कंपनीच्या स्टोअरमध्ये काउंटरवर बसलो. आता दारव्हा-दिग्रस रस्त्यावर माझं सेतू केंद्र आहे, सोबत रिचार्ज आणि झेरॉक्स. त्यामुळं काउंटरच्या अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्ही पाहिलंय. आणि पलीकडं बसून जे केलं त्यातलं सगळंच सांगण्यासारखं नाही, पण एक सांगतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. लाडखेडकडचे एक आजोबा एसटीनं आले. हातात डीएपीच्या रिकाम्या बॅगेची शिवलेली पिशवी, त्यात सगळी बिलं, प्रत्येक बिल चौघडी घातलेलं. काउंटरवर एकेक उलगडून ठेवत म्हणाले, "बाबू, हा फोन बंद करून दे. पोरगा पुण्याले गेला, मले याचं काही काम नाही." मी कॉम्प्युटरकडं बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, सर्व्हर डाउन आहे, सोमवारी या. सर्व्हर चालू होता. महिनाअखेर होती आणि त्या महिन्यात आमच्या स्टोअरमधून जितकी कनेक्शनं सुटतील तितका आमचा इन्सेंटिव्ह कमी होणार होता. आजोबा सोमवारी आले, तेव्हा साहेब नव्हते. तिसऱ्यांदा आले तेव्हा आम्ही त्यांना दोन महिने निम्मं बिल लावून दिलं आणि चहा पाजून परत पाठवलं. बंद करायला आलेला माणूस ऑफर घेऊन गेला. त्याची नोंद आमच्याकडं काय झाली असेल? ग्राहक समाधानी.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तुम्हाला स्टोअरमध्ये जे ऐकू येतं, म्हणजे सर्व्हर, साहेब, उद्या, ऑफर, त्यातलं बरंचसं नियम नसतं. नियम वेगळे आहेत. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २००९ साली सेवेच्या दर्जाचे जे नियम केले त्यात ग्राहकानं मागणी केल्यावर सेवा बंद करायला सात दिवस आणि डिपॉझिट परत द्यायला साठ दिवस अशी मुदत घातली होती. पुढं २०२४ मध्ये नियम नव्यानं आले, पण ही मुदत काही वाढली नाही. मागणी केल्यावर सात दिवस. ऑफर ऐकून झाल्यावर सात दिवस नव्हे. पण "मागणी केली" हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे, आणि सगळं घोडं तिथंच पेंड खातं. आजोबा तीनदा आले, पण कागदावर ते एकदाही आलेले नव्हते.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडं जो कुणी "फोन बंद करायचाय" म्हणून येतो त्याला मी आधी विचारतो : बिल बंद करायचंय की नंबर? दहातल्या आठ-नऊ जणांना बिल बंद करायचं असतं आणि ते नंबर बंद करायला निघालेले असतात. पोस्टपेड म्हटलं की दोन्ही एकच, अशी समजूत आहे. नाहीत.

तुमच्या वडिलांचा नंबर कुठंकुठं दिलेला आहे ते एकदा आठवा. आधारला तोच. बँकेला तोच. पीएम किसानला तोच, म्हणजे वर्षाचे सहा हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे सहा हजार ज्या खात्यात येतात त्याच्या केवायसीचा ओटीपी तिथंच येतो. महाडीबीटीवर स्प्रिंकलरचा अर्ज केला असेल तर तोच. शेतकरी ओळख क्रमांक काढला तेव्हाही तोच. आज सातबाऱ्याइतकाच हा दहा आकडी नंबर सांभाळायचा कागद झालाय, फरक एवढाच की तो तलाठ्याकडं मिळत नाही. ते बाजेवर आहेत, म्हणजे प्रत्येक ठिकाणी नवा नंबर लावायला त्यांना न्यावं लागेल. तेव्हा हा नंबर ठेवायचा आणि त्याच्यावरचं बिल काढून टाकायचं. बिलात जो दुसरा नंबर आहे त्याचं उलट : तो नंबरच मुळासकट बंद करायचा. तुमच्या एका प्रश्नात दोन कामं आहेत आणि दोन्हींची दारं वेगळी आहेत.

पहिल्या कामाचं सोपं दार म्हणजे त्याच कंपनीत पोस्टपेडचं प्रीपेड करून घेणं. पूर्वी यासाठी पुन्हा सगळी कागदपत्रं, पुन्हा माणूस हजर, असं होतं. २१ सप्टेंबर २०२१ च्या दूरसंचार विभागाच्या आदेशानं ते ओटीपीवर आलं. ओटीपी वडिलांच्याच सिमवर येणार, तो मोबाइल तुमच्या घरात आहे. त्यांना कारंज्याला न्यायचं काहीच काम नाही. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा तक्रारीच्या १९८ या नंबरला फोन करून ही मागणी करता येते. स्टोअरवाल्यानं "माणूस आणा" म्हटलं कारण तुम्ही "बंद करा" म्हणालात. "प्रीपेड करा" म्हणाला असतात तर वेगळं बोलणं झालं असतं. (कदाचित. महिनाअखेर नसती तर.)

दुसरं दार पोर्टिंगचं, आणि तुमच्या गावात रेंजच नसेल तर मी हेच सुचवीन. एका दगडात दोन कामं होतात, बिल जातं आणि रेंज येते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. पण लोक अजूनही चुकतात ते दोन-तीन ठिकाणी. त्या सिमवरून १९०० या नंबरवर एसएमएस करायचा : इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्याकडं तो चार दिवस चालतो. चार दिवसांत नव्या कंपनीकडं गेला नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. कोड न येता नकाराचा मेसेज आला तर त्यात कारण दिलेलं असतं, ते वाचा, पुसून टाकू नका. नकाराची नेहमीची कारणं अशी की आधीच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले नाहीत, निघालेलं बिल थकलेलं आहे, किंवा गेल्या सात दिवसांत सिम बदलून घेतलंय. सात दिवसांची ही अट १ जुलै २०२४ पासून आली, सिम बदलून लोकांचे पैसे लुटणाऱ्यांना आळा घालायला. आपला सगळा विदर्भ महाराष्ट्र सर्कलमध्येच, म्हणजे कंपन्यांच्या एकाच सेवाक्षेत्रात येतो, त्यामुळं बदल तीन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. मुंबई शहर वेगळं सर्कल आहे, तिथलं सिम असेल तर पाच दिवस. आणि मन बदललं तर चोवीस तासांच्या आत इंग्रजीत कॅन्सल लिहून, पुढं नंबर टाकून, त्याच १९०० वर पाठवता येतं.

नव्या कंपनीच्या केवायसीला वडील लागतीलच, पण त्यांना न्यायची गरज नाही, एजंट घरी येतो. आमच्याकडं एक अडचण हमखास येते. जन्मभर पऱ्हाटी वेचली, विळा धरला, त्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. मशीन लाल दिवा दाखवत राहतं, एजंट म्हणतो "अंगठा येत नाही" आणि निघून जातो. त्याला थांबवा. अंगठ्याशिवायही, मूळ ओळखपत्र आणि माणसाचा जागेवर काढलेला फोटो यावर सिम देता येतं. कागदी फॉर्म १ जानेवारी २०२४ पासून बंद झाले, पण फोटोवालं डिजिटल केवायसी चालू आहे. एजंटला ते अंगठ्यापेक्षा वेळखाऊ वाटतं, एवढंच.

कुठल्या कंपनीत जायचं हे जाहिरातीवरून ठरवू नका. गावच्या पाण्याच्या टाकीवर चढून प्रत्येकाला रेंज येते. तुम्ही वडिलांच्या बाजेजवळ उभं राहून, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन घेऊन लावून बघा.

दोन्ही दारांना एकच कुलूप आहे, थकलेलं बिल. तीन महिन्यांचं सुमारे दीड हजार. "रेंजच नव्हती, मग का भरू?" हा तुमचा राग रास्त आहे. तरी माझं मत : आधी भरा, मग भांडा. दीड हजारासाठी नंबर लटकवून ठेवलात आणि तो कायमचा गेला, तर पीएम किसानचा एक हप्ताच दोन हजारांचा आहे. भरताना मात्र गप्प भरू नका. त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा की रेंज नसल्याची आमची तक्रार आहे, ही रक्कम आक्षेप ठेवून भरतो आहोत. आणि हे नक्की लक्षात ठेवा की पोर्ट झाल्यावरही जुन्या कंपनीचं एक शेवटचं बिल येतं, अधल्यामधल्या दिवसांचं. ते शंभर-दोनशेचं असतं म्हणून लोक सोडून देतात. जुनी कंपनी मग थकबाकीदार म्हणून कळवते आणि नव्या कंपनीतला चालू नंबर बंद होतो. माझ्या दुकानात असे रडकुंडीला आलेले कितीतरी पाहिले.

आता दुसऱ्या नंबरकडं या. यात्रेतल्या छत्रीखाली नेमकं काय झालं ते मी सांगू शकत नाही, पण काय होऊ शकतं ते सांगतो. "काका, अंगठा नीट नाही आला, परत लावा." दुसरा अंगठा दुसऱ्या सिमचा. ते सिम फॅमिली प्लॅनमध्ये जोडलेलं, म्हणून बिल तुमच्या वडिलांच्या नावानं येतंय. वापरतो कोण, देव जाणे. पैशापेक्षा ही गोष्ट गंभीर आहे, कारण त्या नंबरवरून कुणी कुणाला फसवलं तर पोलिस आधी नाव बघतात.

केंद्र सरकारचं संचार साथी नावाचं पोर्टल आहे, मे २०२३ पासून. त्यात वडिलांचा नंबर टाका, ओटीपी द्या, त्यांच्या नावावर असलेले सगळे नंबर समोर येतात. प्रत्येकापुढं सांगता येतं की हा माझा नाही, किंवा हा माझा आहे पण आता नको. तुमच्या प्रकरणात "माझा नाही" निवडा आणि जो विनंती क्रमांक मिळेल तो वहीत लिहा. एका माणसाच्या नावावर आपल्याकडं नऊपर्यंत सिम चालतात. त्याहून जास्त निघाली तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात पहिल्यांदा पन्नास हजारांपर्यंत आणि नंतर दोन लाखांपर्यंत दंड आहे. म्हणून यात्रा, बाजार, बसस्टँड इथं अंगठा देताना दुसऱ्यांदा लावायला सांगितलं तर का, ते विचारत चला. पोर्टलवर टाकलं म्हणून थांबू नका, कंपनीलाही १९८ वर सांगा, कारण बिल कंपनी काढते.

१९८. हा तक्रारीचा नंबर सगळ्या कंपन्यांचा एकच आहे आणि फुकट आहे. इथं मी जरा रेंगाळणार, कारण लोक इथंच हरतात. परवा माझ्याच दुकानात एका ताईंसाठी फोन लावला. त्यांचा नंबर, त्यांचा मोबाइल, मी फक्त शेजारी. बटणं दाबत दाबत माणसापर्यंत पोचायला अकरा मिनिटं गेली. पलीकडून गोड आवाज : "मॅम, आपण इतक्या जुन्या ग्राहक आहात, मी आपल्यासाठी चाळीस टक्के सूट लावू शकते." ताई माझ्याकडं बघायला लागल्या. मी मान हलवली. "नोको जी, मले बंद पायजे." मग दुसऱ्या विभागाला जोडलं. तिथं पुन्हा पहिल्यापासून, "बंद करण्याचं कारण काय?" कारण सांगितलं की त्या कारणावरचा उपाय येतो, हे त्यांच्या कागदावर छापलेलं असतं. रेंज नाही म्हणालात तर "इंजिनियर पाठवतो". महाग म्हणालात तर सूट. मी हाच कागद नऊ वर्षं वाचलाय. यावर एकच उत्तर चालतं, ते मी ताईंना चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : "कारण वैयक्तिक आहे. मला ऑफर नको. माझी मागणी नोंदवा आणि डॉकेट नंबर सांगा." ताईंनी ते तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा जरा रागानंच. डॉकेट नंबर मिळाला, मेसेजही आला.

तो डॉकेट नंबर म्हणजे तुमची पोच. तक्रार नोंदवली की तो द्यावाच लागतो. "सांगितलं वरती, होऊन जाईल" यावर फोन ठेवू नका. आणि हो, कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथं वरती चोरांचे नंबरही असतात, ते "बंद करून देतो, ओटीपी सांगा" म्हणतात आणि खातं साफ करतात. असं झालंच तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०.

जो नंबर खरंच बंद करायचाय, त्याच्यासाठी फोनसोबत एक ईमेल किंवा पत्रही जाऊ द्या. चार ओळी पुरतात, मी लोकांना असं लिहून देतो : "माझ्या नावावर असलेला अमुक क्रमांक ही पोस्टपेड सेवा मला नको आहे. हे पत्र मिळाल्यापासून ती बंद करावी. शेवटचं बिल पाठवावं आणि माझी अनामत रक्कम असल्यास त्यातून वळती करून उरलेली माझ्या खात्यात जमा करावी. यापुढच्या तारखांचं बिल मला मान्य नाही." खाली वडिलांचा अंगठा किंवा सही, तारीख, आधीचा डॉकेट नंबर. पोस्टानं पाठवणार असाल तर रजिस्टरचा आग्रह धरू नका, ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं. स्पीड पोस्ट करा आणि पोच मिळाल्याचा पुरावा मागून घ्या.

डॉकेटवर काहीच झालं नाही, किंवा "तक्रार निकाली" असा मेसेज आला आणि बिल तसंच येत राहिलं, तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जायचं. प्रत्येक कंपनीला ते नेमावंच लागतं, पत्ता आणि ईमेल त्यांच्या वेबसाइटवर असतो. फी नाही. एकोणचाळीस दिवसांत निर्णय द्यावा लागतो. माझा अनुभव असा की अपिलाचा ईमेल गेला की चार दिवसांत कुणीतरी मराठी बोलणारा माणूस फोन करतो आणि काम होतं. तोपर्यंत फक्त हिंदी. ट्रायलाच पत्र लिहावं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार निवाड्याला घेत नाही, कंपनीकडं सरकवते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ तुलनेनं बरी, तिथं मराठीत बोलता येतं.

त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. मोबाइलच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असं सांगणारे वकील अजून भेटतात. २००९ च्या एका निकालानं तसं होतंही. पण १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की चालतात. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथंच दावा लावता येतो, म्हणजे तुमच्यासाठी वाशीम. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होतो. तरी दीड हजारासाठी मी तो सुचवत नाही, तारखांना जाण्यात सोयाबीनचा हंगाम जातो. दुसऱ्या नंबरवरून काही गैरप्रकार झाल्याचं निघालं, तर मात्र जरूर.

ऑटोपे लावलं असेल तर ते वेगळं बंद करावं लागतं. कनेक्शन बंद झालं म्हणून बँकेतली परवानगी आपोआप मरत नाही. यूपीआयचं असेल तर त्याच ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीतून रद्द करा, बँकेतून कापलं जात असेल तर शाखेत अर्ज द्या. खातं रिकामं ठेवणं हा उपाय नव्हे, कारण पैसे कापता आले नाहीत तर बँक आपला दंड वेगळा लावते, दर वेळी.

वसुलीवाल्यांच्या फोनबद्दल. ते आजोबा आठवतात ना? वर्षभरानं ते त्याच पिशवीसकट परत आले. ऑफरचे दोन महिने संपल्यावर त्यांनी बिल भरणं सोडलं होतं आणि आता हातात कोर्टाचं नाव असलेला कागद. हात थरथरत होते, घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. कागद होता लोक अदालतीचा. कंपन्या थकीत बिलांची यादी राष्ट्रीय लोक अदालतीत ठेवतात आणि दाव्यापूर्वीची नोटीस गावोगाव जाते. ती वॉरंट नसते. त्यात अटक नसते, जप्ती नसते. लोक अदालत तडजोडीचीच जागा आहे, दोघांना मान्य असेल तरच निकाल. रक्कम बरोबर असेल तर तिथं जाऊन कमी करून मिटवणं चांगलं, पुष्कळदा निम्म्यावर तुटतं. पण रक्कम चुकीची असेल तर दबावाखाली सही करू नका, कारण तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही. आजोबांनी सहाशे रुपयांत मिटवलं. त्यांच्यासोबत मी गेलो होतो, एवढं तरी करायला हवंच होतं.

नोटिशीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती सिबिलची. थकलेलं पोस्टपेड बिल पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीत जाऊ शकतं. मृगाच्या तोंडावर पीक कर्जासाठी बँकेत गेलेला एक कास्तकार माझ्याकडं आला, का तर साहेबानं सांगितलं "तुमचं काहीतरी थकलंय". बाराशेच्या आतलं जुनं मोबाइल बिल निघालं. पीक कर्जाला सिबिल बघू नका, असं सरकार बँकांना बजावतं, पण काउंटरवरचा साहेब बघतोच. देशात अशा पतमाहिती कंपन्या चार आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चुकीची नोंद दिसली तर तक्रार टाका. तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणूनच थकबाकी भरल्यावर "बाकी शून्य" असा ईमेल किंवा पत्र कंपनीकडून मागून घ्या.

हे वाचणाऱ्यांत प्रीपेडवाले जास्त असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्हाला बंद करायला काही लागत नाही, रिचार्ज सोडलं की झालं. पण नव्वद दिवस काहीच वापर नसला आणि खात्यात वीस रुपयेही नसले की नंबर बंद होतो. बंद झाल्यावर आणखी नव्वद दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. आमच्या गावात एका बाईच्या नव्या सिमवर कुणा अनोळखी माणसाच्या पतसंस्थेचे मेसेज यायचे, किती भरले, किती राहिले, सगळं. तेव्हा सिम टाकण्याआधी बँक आणि आधार दुसऱ्या नंबरवर न्या, व्हॉट्सॲपचं खाते डिलीट करा. आधारचा मोबाइल नंबर बदलायला म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला न्यायची गरज नाही, पोस्ट पेमेंट बँकेचा पोस्टमन घरी येऊन करून देतो. आणि बॅलन्स आपोआप कापला जात असेल, गाणं, भविष्य, क्रिकेट असलं काही, तर इंग्रजीत स्टॉप लिहून १५५२२३ वर पाठवा.

परत तुमच्याकडं. क्रम असा धरा : आज संध्याकाळी संचार साथी. उद्या थकबाकी भरून आक्षेपाचा ईमेल, आणि लगेच १९८ वर दुसऱ्या नंबरचा डॉकेट. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की १९०० ला एसएमएस. तो टाकीवर चढून पाठवला तरी चालेल, मात्र उत्तर येईपर्यंत खाली उतरू नका. रेंज नसलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील का, असंही तुम्ही विचारलंय. तुम्ही त्या काळात एकदाही तक्रार नोंदवलेली नसेल तर अवघड आहे. नोंदवली असेल, तर मेसेजच्या जुन्या ढिगाऱ्यात डॉकेट शोधा, आणि सापडला तर मला कळवा, अपिलाचा मजकूर मी लिहून देतो.